दादा, मी नोकरी लाथाडली नव्हती

दादा, काल तुझी व्हॅन मी स्वतः चालवत आमोण्याहून धारगळला आणली. वहिनीनेच सांगितलं, "व्हर गो ती हांगाच्यान. दारात दिसली काय तो घरात आसा अशेंच दिसता माका." सीट तू इतकी मागे ठेवलेली की माझे पाय पेडलला पोचेनात. पुढे घ्यायचा खटका सापडला, पण तो ओढवेना. ती जागा तुझ्या पायांच्या मापाची होती. शेवटी वहिनीने आतून दोन उशा आणून दिल्या, त्या पाठीला लावून मी जवळजवळ स्टिअरिंगवर बसूनच निघाले. डिचोलीच्या चढावर गाडी बंद पडली. मागचा माणूस हॉर्नवरचा हात काढायला तयार नाही. तू असतास तर काच खाली करून त्याच्या पणजोबांपर्यंत पोचून आला असतास. मला ते येत नाही. मी नुसती रडत बसले, आणि मग तोच बिचारा उतरून विचारायला आला.

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. बाराव्याला आणि तेराव्याला इतकी माणसं आली की अंगणात चपलांना जागा उरली नाही. नार्व्याहून तांदूळवाली शेवंतीबाय आली, तिच्या बचत गटातल्या बायका आल्या, तुझे खाणीवरचे ट्रकवाले आले, पाव घेऊन येणारा पदेरसुद्धा सायकल गडग्याला लावून घटकाभर बसून गेला. आणि जो येईल तो मला एकच सांगत होता. गुरुदासाला तुझा केवढा अभिमान. बहिणीने मोठी नोकरी लाथाडली हे तो जाईल तिथे सांगायचा. मी मान हलवत होते. अशी मान हलवायची मला गेली चार वर्षं सवय आहे.

तर आधी ती गोष्ट सांगून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहून पुन्हा टाळीन. दादा, मी नोकरी लाथाडली नव्हती. मला काढणार होते.

पणजीच्या ऑफिसात मार्केटिंगमध्ये मला एकोणीस वर्षं झाली होती. एका शुक्रवारी दुपारी माझ्या साहेबांनी मला कॅन्टीनमध्ये बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की पुढच्या महिन्यात गोवा आणि कोकण मिळून एकच टीम होणार, आणि तिच्यात माझी खुर्ची नाही. यादी तयार होती. "मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही," असं म्हणून ते आपला चहाचा कप उचलून गेले. शनिवार-रविवार मी घरात भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. सोमवारी सकाळी राजीनामा दिला आणि कारण लिहिलं, की मला स्वतःचं काहीतरी सुरू करायचं आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केक आणला. साहेबांनीही टाळ्या वाजवल्या, माझ्याकडे न बघता. एक मुलगी तर म्हणाली, मॅडम, तुमच्यासारखी हिंमत पाहिजे. तो केक मी खाल्ला, चांगला होता.

खरं काय ते फक्त माझ्या नवऱ्याला, सुहासला माहीत. तुला सांगायचं ठरवून मी चवथीला आमोण्याला आले होते. तू स्टुलावर उभा राहून माटोळी बांधत होतास, गणपतीच्या डोक्यावरच्या त्या लाकडी चौकटीला एकेक फळ लटकवत. मी खालून एकेक देत होते. तोरिंगण दिलं, नारळांचा घोस दिला, सुपारीचा घड दिला आणि मग म्हटलं, "दादा, मी नोकरी सोडली." पुढचं वाक्य तयार होतं. पण तू वरून माझ्याकडे असं बघितलंस की ते राहूनच गेलं.

"कोणें सोडली?"

"मी. आता स्वतःचं काम करणार. मार्केटिंगचा सल्ला देणार, छोट्या लोकांना."

तू हातातला घड चौकटीवरच सोडलास आणि खाली उतरलास. "माजें काम वयल्यांनी बंद केलें, बाय. तुजें तुवें आपूण बंद केलें. आनी हांसत येवन माका सांगता?"

मी हसत नव्हते, पण तुला तसं वाटलं असेल. घाबरले की माझं तोंड हसल्यासारखं होतं, लहानपणी मास्तरांचाही त्यामुळे मार खाल्ला आहे. तू बाहेर गेलास, खाण बंद झाल्यापासून दारातल्या ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या तुझ्या ट्रकजवळ जाऊन बसलास. माटोळी वहिनीने आणि मी कशीबशी पुरी केली, वाकडीच झाली, आणि त्या वर्षी आरतीला तू माझ्या शेजारी उभा राहिला नाहीस. त्यानंतर तीन महिने तू माझ्याशी बोलला नाहीस.

त्या तीन महिन्यांत मी काय दिवे लावले ते तुला माहीतच आहे. धारगळच्या घरात हायवेकडच्या खोलीत मेज मांडलं, कार्डं छापली, त्यांवर 'स्वतंत्र मार्केटिंग सल्लागार' असं लिहिलं, आणि पेडण्यातल्या सात-आठ जणांना भेटले. होमस्टेवाला, सोलांवाला, काजूवाला. सगळ्यांनी चहा दिला, खुर्ची पुसून दिली, मॅडम मॅडम केलं आणि परत फोन केला नाही. मी लॅपटॉप उघडून त्यांना 'ग्राहकाचा प्रवास' वगैरे दाखवत होते. ते माझ्या चपलांकडे बघत होते.

मग एका रविवारी सकाळी तू आलास. ट्रक विकून टाकला होतास, दारात ही व्हॅन उभी होती. मी काही विचारलं नाही, तूही काही सांगितलं नाहीस. चहा प्यालास, पाव बुडवून खाल्लास, कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "फाल्यां खंय वचपाचें आसा?"

"उद्या? कुठंच नाही," मी म्हटलं.

"मागीर फाल्यां शेवंतीबायगेर वच्या. नार्व्या. तिगेलें तांदूळ बरें आसात, खपनात." मग उठता उठता, "आनी तो काळो कोट घालून येवं नाका. लोकांक दिसता बँकेची आयली."

त्या दिवसापासून तू माझ्याबरोबर होतास. कार्डावर तुझं नाव नव्हतं. मी दोनदा विचारलं असेल, तू म्हणालास, "नांव कित्याक? हांव गाडी चलयतां." मी पण लगेच बरं म्हटलं. तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं.

तुझी काम करायची रीत मला आधी कळायचीच नाही. ज्याच्याकडे जायचं त्याच्या दारात तू सरळ कधी गाडी नेली नाहीस. आधी गावात पदेर गाठायचा. "पदेराक विचार," तू सांगायचास. "कोणागेर किते पाव जातात, कोणाचे कमी जाले, कोणाची सून कुळारा गेली, पदेराक सगळें खबर." मग मी आत मेजावर बसून बोलायचे आणि तू बाहेर सोप्यावर म्हाताऱ्यांबरोबर बसायचास. मी आतून दोन तासांत जे काढायचे, त्याच्या चौपट तू बाहेरून आणायचास. परतीच्या वाटेवर मला सगळं ऐकवायचास, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाचा माल कुठल्या दुकानात मागे ठेवलेला असतो आणि का. मी ते वहीत लिहून घ्यायचे. माझ्या अहवालात ते 'प्रत्यक्ष पाहणीतून आढळलेले मुद्दे' म्हणून जायचं. पाहणी म्हणजे तू आणि पदेर. एकोणीस वर्षं मी मोठमोठ्या संस्थांकडून असले मुद्दे विकत घ्यायचे, आणि त्यांतला एकही तुझ्याइतका खरा नव्हता. हे मी तुला एकदा तरी सांगितलं का? आठवत नाही. बहुतेक नाही.

आणि तू सोप्यावर बसल्या बसल्या प्रत्येक गावात एक वाक्य सोडायचास. ते मी खिडकीतून ऐकायचे. "ही माजी भयण. एवडी व्हड नोकरी लाथाडून आयल्या, आपल्या लोकांखातीर." ज्या गोष्टीवरून तू तीन महिने माझं तोंड बघितलं नव्हतंस, तिचाच आता झेंडा करून मिरवत होतास. कधी फिरलास, का फिरलास, मला सांगितलं नाहीस. पण त्या वाक्याने दारं उघडली हे खरं आहे. लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायचे. पगार सोडून आलेली बाई आपल्याला फसवणार नाही, असा त्यांचा हिशेब. माझा सगळा धंदा, दादा, तुझ्या त्या एका वाक्यावर उभा राहिला, आणि ते वाक्य खोटं होतं, आणि ते खोटं माझं होतं.

शेवंतीबायच्या पिशव्यांचं तर लिहायलाच हवं. नदीकाठच्या खाजन शेतातला तिचा तो तांबूस तांदूळ, मिठाच्या पाण्यातही तग धरणारा. मी ठरवलं, की पिशवीवर गावच्या देवाचा फोटो घालायचा. लोकांची श्रद्धा, गावाचं नाव, विश्वास, सगळं एका चित्रात. कंपनीत असते तर या कल्पनेवर मला शाबासकी मिळाली असती. अस्नोड्याच्या अलीकडे तुला सांगितलं तेव्हा तू गाडीचा वेग कमी केलास.

"फोटो नाका, बाय. पिशवी रिकामी जातली. मागीर?"

"मग काय? टाकतील."

"देवाक?"

"दादा, तू गाडी चालव," मी म्हटलं.

तू गाडी चालवलीस. माझ्या तोंडून निघालेली जी वाक्यं मला या अठरा दिवसांत छळतात, त्यांत हे पहिलं आहे.

पहिला माल जत्रेत हातोहात गेला. मी खूश. शेवंतीबायने मला ओल्या नारळाच्या करंज्या पाठवल्या. मग दोन महिने झाले, चार झाले, घेतलेल्यांतलं एकही गिऱ्हाईक परत येईना. तांदूळ चांगला, भाव ठीक, लोक नावाजतात आणि दुसराच तांदूळ घ्यायला दुकानात जातात. मी आकडे मांडत बसले. तू पदेर गाठलास आणि दोन दिवसांत मला एका म्हातारीच्या घरी घेऊन गेलास. तिने देव्हाऱ्यामागून पिशव्या काढून दाखवल्या. धुतलेल्या, घडी घातलेल्या, वर हळदकुंकवाचं बोट. "उडोवंक मन जायना गो," ती म्हणाली. "पायांपोंदा येत तर? आनी नवी हाडली जाल्यार दवरूं खंय? म्हणून दुकानातले हाडटां." घराघरांत हेच, कोणालाच पिशवी फेकवेना. माझ्या गिऱ्हाइकांनी तांदूळ सोडला नव्हता, त्यांच्या घरात देव ठेवायला जागा उरली नव्हती.

तू 'सांगिल्लें न्हय?' असं म्हणाला नाहीस. म्हणाला असतास तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. तू सरळ नार्व्याला शेवंतीबायच्या अंगणात जाऊन उभा राहिलास आणि सगळ्या बायकांसमोर म्हणालास, "चूक माजी. हांवेंच सांगिल्लें तिका, देवाचो फोटो घाल म्हणून. ती नाका म्हणटाली." शेवंतीबायने तुला असं झाडलं! तुझ्या अकलेपासून सुरुवात करून तुझ्या ट्रकपर्यंत गेली. आणि मी तिथेच उभी होते, हातात वही धरून, गप्प. पुढच्या पिशवीवर खाजनाच्या बांधाचं चित्र आलं, तेही तूच सुचवलंस. जुन्या पिशव्या घरोघर फिरून तू गोळा केल्यास, आणि त्या फेकायला तुझंही मन होईना, म्हणून आमोण्याच्या माळ्यावर नेऊन ठेवल्यास. परवा वहिनीने विचारलं, त्यांचं काय करू. मलाही माहीत नाही.

आता ती जेटीवरची दुपार. मागच्या वर्षीची. डिचोलीहून येताना तू भजी आणि पाव घेतलेस आणि म्हणालास, चल, नदीवर बसून खाऊ. आमोण्याच्या जेटीवर आता काय आहे, गवत आणि गंजलेल्या साखळ्या. एकेकाळी तुमच्या ट्रकांची रांग तिथून देवळापर्यंत लागायची, खाणीचा माल बार्जमध्ये पडायचा आणि सगळा गाव लाल व्हायचा. तू कठड्यावर बसलास, पाव फाडलास, भजी आत घातलीस, मला दिलास. मग न विचारता सांगायला लागलास. खाण बंद झाली त्या दिवसाबद्दल तू मला कधीच काही सांगितलं नव्हतंस.

"सकाळी पांच वरांचेर गेलों. सदांसारकोच. गेट बंद. वॉचमन म्हणालो, आज ना. हांवें विचारलें, फाल्यां? तो उलयलोच ना. तोय बिचारो नवोच, ताका कितें खबर?" तू पावाचा तुकडा पाण्यात टाकलास. "मागीर वर्सभर हांव रोज सकाळी ट्रक धुतालो. तुजी वहिनी म्हणटाली, खंय वचपाचें ना तर धुता कित्याक? तिका कितें सांगूं? धुलो ना जाल्यार दीस सुरू जायनासलो."

मी पावातली एक भजी काढून तोंडात घातली.

"तुका कळचें ना, बाय. तू आपल्या पायांनी भायर सरल्या. आमकां भायर काडले. आपल्या पायांनी सरता ताका रातची न्हीद पडटा."

तेव्हा सांगायचं होतं, दादा. त्याहून चांगली वेळ देवानेसुद्धा आणून दिली नसती. इकडे तू, तिकडे मी, मध्ये भज्यांचा कागद. मला झोप लागत नव्हती. त्या सोमवारनंतर कितीतरी महिने मी सकाळी आठ वाजता साडी नेसून तयार व्हायचे आणि मग हायवेकडच्या खोलीत जाऊन बसायचे, कारण तयार झाले नाही तर दिवस सुरू होत नव्हता. एवढं जरी म्हटलं असतं तरी तुला कळलं असतं. माझ्या तोंडात भजी होती. गिळून बोलायचं ठरवलं. गिळली, आणि म्हटलं, "चल, उशीर होतो."

का नाही सांगितलं? मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली आहेत. धंदा त्या वाक्यावर उभा आहे. तू चारचौघांत खोटा पडशील. आता सांगून काय उपयोग. यांतलं प्रत्येक कारण थोडं थोडं खरं आहे. पण खरं कारण एवढंच, की तू सांगायचास ती बहीण मला आवडायची. लाथाडून आलेली. मला तीच व्हायचं होतं, आणि फक्त तुझ्या बोलण्यात मी ती होते.

इस्पितळात तू नऊ दिवस होतास. आठव्या दिवशी दुपारी वहिनी घरी अंघोळीला गेली होती आणि आपण दोघंच होतो. तू शेवंतीबायचे तांदूळ गेले का ते विचारलंस. मी सांगितलं, सगळे गेले. ट्रकवाल्यांच्या सभेचं विचारलंस, तीही तूच पलंगावरून फोन करून ठरवली होतीस. मग मी म्हटलं, "दादा, तुला एक सांगायचं होतं. खूप दिवसांचं." तू डोळे मिटूनच म्हणालास, "फाल्यां सांग गो. आज न्हीद येता." आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. मला एक दिवस मिळाला असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुहासने फोन घेतला आणि त्याच्या तोंडावरून मला कळलं.

काल मी आमोण्याला का आले होते ते सांगायचं राहिलं. ती तुझी सभा होती. वहिनीच म्हणाली, त्याने ठरवलीय, तू मोडू नको. देवळाच्या मंडपात दहा-बारा जण जमले होते, सगळे तुझे जुने ट्रकवाले, आता कोणाकडे टेम्पो, कोणाकडे काहीच नाही. डिचोलीची भाजी किनाऱ्यावरच्या हॉटेलांना रोज सकाळी पोचवायची असा त्यांचा विचार. माझा लॅपटॉप चार्ज केलेला, सगळं तयार. सोप्यावर बसायला मात्र कोणी नव्हतं. तुझा रोहिदास, रांगेत ज्याचा ट्रक कायम तुझ्या मागे असायचा, तो उभा राहिला आणि तुझंच वाक्य म्हणायला लागला. "ही गुरुदासाची भयण सुलक्षा. व्हडली नोकरी लाथाडून आयल्या..."

मी ठरवून काही केलं नाही. तोंडातून निघून गेलं.

"लाथाडूंक ना, रोहिदासभाऊ. माका काडटले आशिल्ले. यादी जाल्ली. तें कळ्ळें म्हणून हांवें आदींच राजीनामो दिलो."

मला वाटलं, आता सगळे उठून जातील. मग रोहिदासने विचारलं, "गुरुदासाक खबर आशिल्लें हें?"

"ना."

तो माझ्यासमोर खाली बसला. चिडलेला नव्हता. "सांगपाक जाय आशिल्लें गो," तो म्हणाला. "तो हांगाच बसून म्हणटालो. म्हजे भयणीन आपूण जावन सोडलें, आनी हांव बंद गेटीकडेन वर्सभर उबो रावलों. आमी म्हणटाले, अरे गुरू, तुजी गजाल वेगळी. आयकनासलो. एकाच आवयचीं आमी दोगां, म्हणटालो, मागीर माकाच कित्याक जमलें ना?"

सभा झाली, दादा. चांगली झाली. पहिल्यांदाच असं झालं की मी काही दाखवायच्या आधी लोक बोलायला लागले. एकाने स्वतःच्या गेटचं सांगितलं, मग दुसऱ्याने. तू ऐकायला पाहिजे होतास. मी लिहून घेतलं, मान हलवली, तारीख ठरवली, आणि मग घरी येऊन वहिनीकडून व्हॅनची चावी घेतली. डिचोलीच्या चढावर मागच्या माणसाला वाटलं, गाडी बंद पडली म्हणून बाई रडते.

मला वाटायचं, तुझ्या अभिमानाचं ओझं मी वाहते. तू रोज स्वतःची माझ्याशी तुलना करत होतास हे मला माहीत नव्हतं. मी तुझ्या शेजारच्या सीटवर बसून होते, आणि तू माझ्या खोट्यापुढे स्वतःला कमी ठरवत गेलास.

तर ऐक, आता तरी ऐक. मला एका शुक्रवारी दुपारी एका माणसाने कानात सांगितलं, म्हणून मी सोमवारी ताठ मानेने बाहेर आले. तुला कोणीच सांगितलं नाही. तू पहाटे ट्रक घेऊन गेलास आणि गेट बंद होतं. आपल्या दोघांत फरक होता तो एवढाच, तीन दिवसांचा. तुझ्या त्या वॉचमनला आधी कळलं असतं आणि त्याने तुला सांगितलं असतं, तर तूही आदल्या दिवशी खाणीचा पास मालकाच्या मेजावर आपटून आला असतास. आणि मी, दादा, पणजीभर सांगत फिरले असते, की माझा भाऊ खाण लाथाडून आला.